उसाचं पातं डोळ्याला लागलं तर तुमच्याकडं काय करतात? (खुपरी गेली म्हणे, मग हे का जाईना)

हिरण्यकेशी_काठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे मामा संकेश्वरच्या पुढं राहतात, हुक्केरी तालुका. दोन एकर ऊस. यंदा टोळी वेळेवर आली नाही, वाट बघून बघून घरच्यांनीच तोड सुरू केली, आणि तिसऱ्या दिवशी पाचट ओढताना पातं सपकन डावा डोळा चाटून गेलं. उसाचं पातं कसं असतंय सांगायला नको, करवतच ती. मामांनी पाणी मारलं, टॉवेल दाबला आणि परत कोयता हातात. संध्याकाळी डोळा लालबुंद, पाणी थांबेना. मामीनं एरंडेल घातलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या मेडिकलातून डोळ्याचा ड्रॉप आणला, चिठ्ठी नाय काय नाय, "डोळा लाल झालाय" एवढंच सांगून. आणि बघा, दोन दिवसात लाली उतरली, ठणका कमी झाला, मामा खूश, मेडिकलवाल्याला हात जोडून आले. आठव्या-नवव्या दिवशी आरशात बघतात तर बुबुळावर पांढरा ठिपका. घरचे म्हणाले फूल पडलं, उतरेल हळूहळू. अजून चार दिवस गेले त्यात.

बेळगावला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बुबुळावरचं जरासं खरवडून काचेवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि म्हणाल्या बुरशी आहे. आपण भाकरीवर बघतो तसली बुरशी, माणसाच्या डोळ्यात! मग दर तासाला औषध, रात्री गजर लावून मामी उठायची. जखम भरली, पण दाग राहिला. आता त्या डोळ्यानं हाताची बोटं मोजता येतात, ती पण जवळ धरली तर.

आता मुद्दा. परवा पोरीच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये वाचलं की ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून ट्रॅकोमा, म्हणजे आपली खुपरी, गेली असं जाहीर केलं. म्हणजे एक रोग गावागावातनं हटवता आला सरकारला. मग हे पातं लागून डोळा जाणं का थांबवता येईना? का हे कुणाच्या यादीतच नाय?

टिळकवाडी_कट्टा

वाईट वाटलं वाचून. ड्रॉपचं नाव काय होतं? बाटली ठेवलीय का?

हिरण्यकेशी_काठ

ठेवलीय. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. खाली बारीक अक्षरात दोन औषधं आहेत, एक अँटिबायोटिक, दुसऱ्याच्या नावात "डेक्सा" आहे.

बुबुळवाला

झालं. डेक्सामेथासोन, स्टिरॉइड आहे ते. (मी नेत्रविभागात पीजी करतोय, कुठं ते विचारू नका.)

तुमच्या मामांना दोन दिवस बरं का वाटलं ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. डोळा लाल होणं, दुखणं, सुजणं ही आपल्या शरीरानं चालवलेली मारामारी असते, बाहेरनं आलेल्या जंतूशी. स्टिरॉइड ती मारामारी बंद करतं. लाली गेली, दुखणं गेलं, माणसाला वाटतं औषध लागू पडलं. आणि बुरशीला रान मोकळं. त्यात बुरशी जीवाणूसारखी एका रात्रीत भडकत नाही, सावकाश आत शिरते, म्हणून आठ-दहा दिवसांनी ठिपका दिसतो. तोवर पातं लागलेलं विसरलेलं पण असतात लोक. ओपीडीत विचारलं की म्हणतात "काय लागलं नाही ओ, आपोआप आलंय".

हे औषध शेड्यूल एच मध्ये येतं, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. पण देतात. रोज बघतो.

दर तासाला घातलं ते बहुतेक नॅटामायसिन असणार, बुरशीवरचं औषध, पांढरट, बाटली हलवून घालायचं. २०१३ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा हे जुनं नॅटामायसिनच सरस ठरलं, खास करून फ्युझेरियम नावाच्या बुरशीला. पण ते बुबुळात खोलवर शिरत नाही, म्हणून उशिरा आलेल्याला फायदा कमी. उशीर हाच खरा रोग हाय असं आमचे सर म्हणतात.

उपकेंद्र_अक्का

मी चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली, निम्मी खानापूर भागात आणि निम्मी अथणीकडं. आता घरी. खुपरीचं विचारलंत म्हणून लिहिते.

खुपरी म्हणजे वरची पापणी उलटून बघितली तर आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे. लहान पोरांना होते, एकदा होऊन जात नाही, परत परत होते. बरेच वर्षं अशी होत राहिली की पापणीला आतून वण पडतात, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. दिवसरात्र. डोळा मिटला की कुंचा फिरवल्यासारखं. आमच्या वेळेला म्हाताऱ्या बायका चिमटा घेऊन उन्हात बसायच्या एकमेकींचे केस उपटत, ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. बायकांनाच जास्त, कारण पोरांचे शेंबूड-पू पुसणार कोण, त्याच. त्याच पदरानं पोराचं तोंड, त्याच पदरानं स्वतःचा डोळा.

देशात खुपरीचा कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला. मग १९७६ ला अंधत्व नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम आला त्यात हे पण गेलं. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, ह्या कोरड्या पाणी-टंचाईच्या पट्ट्यात जास्त होती ती. १९७१ मध्ये देशातल्या आंधळेपणात पाच टक्के वाटा खुपरीचा होता.

आणि ती गेली कशानं? नुसत्या औषधानं नाही. चार गोष्टी धरल्या होत्या: वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, अँटिबायोटिक, पोरांचं तोंड स्वच्छ, आणि पाणी-संडास. तोंड धुणं हा आरोग्य कार्यक्रमाचा एक चतुर्थांश भाग होता म्हटलं तर शहरातली माणसं हसतात. पण ज्या माश्या पोरांच्या डोळ्यावर बसतात त्या उघड्यावरच्या विष्ठेवर वाढतात. गावात संडास झाला, नळ आला, माशी कमी झाली, पोराचं तोंड दिवसातनं दोनदा धुतलं जाऊ लागलं. मग मलम टिकलं. नुसतं मलम लावून तसल्याच गोठ्यात सोडलं तर महिन्यात परत.

निपाणीकर७७

अक्का, एक नंबर लिहिलंय. पण "गेली" म्हणजे एक पण पेशंट नाही असं?

बुबुळवाला

नाही. "सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपली" असं ते वाक्य आहे, पेपरवाले अर्धंच छापतात. एक ते नऊ वयाच्या पोरांत चालू खुपरी पाच टक्क्यांच्या खाली, आणि पंधरा वर्षांवरच्यांत पापणी आत वळलेले हजारात दोनपेक्षा कमी, आणि जे उरलेत त्यांना शोधून ऑपरेशन करायची व्यवस्था पाहिजे. २०१७ मध्येच सर्वेक्षणात पोरांतलं प्रमाण ०.७ टक्के निघालं होतं, पण जुन्या वळलेल्या पापण्या मोजून काढायला पुढची सात वर्षं गेली. नेपाळला हे २०१८ ला मिळालं, म्यानमारला २०२० ला.

कार निकोबारची (अंदमान-निकोबारातलं बेट) गोष्ट वाचा कुणीतरी. तिथं २०१० च्या तपासणीत निम्म्या पोरांना खुपरी सापडली, कुणाला पत्ताच नव्हता. बेटावरच्या सगळ्यांना वर्षाला एक असं तीन वर्षं अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, धाडकन खाली आली. शोधलं म्हणून सापडली एवढंच.

खानापुरी_भात

आमच्याकडं ऊस कमी, भात. सुगीत कुसळ जातंय डोळ्यात. आणि काढायची पद्धत सांगतो, हसू नका. गावात एक म्हातारी हाय, ती जिभेच्या टोकानं काढती. खरंच. पापणी उलटी करती आणि जीभ फिरवती, कुसळ तिच्या जिभेवर येतंय. लांबलांबनं लोक येतात, पैसे घेत नाही. माझंच काढलंय शाळेत असताना, आराम पडला लगेच.

उपकेंद्र_अक्का

अहो आराम पडणारच, कुसळ निघालं ना. पण तोंडातले जंतू त्या ओरखड्यावर लावून आली ती. मी अशा दोन बायकांना ओळखत होते, भांडून उपयोग नव्हता, त्यांचा मान मोठा. एकीला मी काय केलं, स्वच्छ पाण्याची बाटली आणि कापूस दिला, म्हटलं मावशी तुम्हीच काढा पण पाण्यानं काढा, आणि काढल्यावर माझ्याकडं पाठवा. पाठवायची ओ ती! पहिल्या सुगीतच आठ-दहा जण आले. तिला नावं ठेवली असती तर एक पण आला नसता.

आईचं दूध, कोथिंबिरीचा रस, मध, तुरटीचं पाणी, कोंबडीचं काय काय... यादी मोठी आहे. डोळ्यात स्वच्छ पाण्याशिवाय काय घालू नका एवढंच सांगत आले.

टिळकवाडी_कट्टा

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते इथं शब्दशः झालं 😄

सॉरी. पण मला एक विचारायचंय, गॉगल का घालत नाहीत? शंभर रुपयात प्लास्टिकचा चष्मा येतो. एवढी चर्चा कशाला.

मुकादमाचा_पोरगा

एसीत बसून गॉगल सांगणं सोपं आहे साहेब. या एकदा फडात.

टनावर पैसे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कारखाना सुरू व्हायच्या आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची म्हणजे पहाटे चारला फडात. अंधार, दव, बॅटरी कपाळाला. चष्म्यावर पाच मिनिटात वाफ धरते, घाम गळतो, ऊस दिसेना. न दिसता कोयता चालवला तर पाय जाईल, डोळा राहू द्या. वडलांनी एका वर्षी वीस चष्मे आणलेले स्वतःच्या पैशानं, आठवड्यात सगळे पोरांच्या खेळण्यात.

आणि डोळ्याला लागलं म्हणून खाडा करायचा तर मुकादम (म्हणजे आम्हीच, खोटं कशाला बोलू) तोंड वाकडं करतो, कारण गाडी भरायची असते. दवाखाना दुपारी उघडा, तेव्हा माणूस फडात. माणूस कोपीवर (झोपडीवर) येतो तेव्हा दवाखाना बंद, मेडिकल मात्र रात्री दहापर्यंत उघडं. आता सांगा तो कुठं जाणार.

बुबुळवाला

हे शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या सरांपुढं ठेवायला पाहिजे.

जाळीचे चष्मे असतात, वाफ धरत नाहीत, पातं अडतं. पण ते कुणी वापरून बघितलेत का आपल्याकडं, लिहा.

निपाणीकर७७

आमच्याकडं तंबाखू. तंबाखूची धूळ डोळ्यात जाऊन बायका दिवसभर डोळे चोळतात. ह्याचं कोण बोलत नाही.

आणि दुसरी गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती आठवतंय, जुलै-ऑगस्ट, सगळ्यांचे डोळे आलेले, आपल्याकडं मद्रास आय म्हणतात ती. तेव्हापासनं मेडिकलवाल्यांना सवय लागली, लाल डोळा दिसला की तोच ड्रॉप. पब्लिकला पण. घरात बाटली उरलेली असते, पुढच्याला तीच.

बुबुळवाला

हो, तो फरक नीट समजून घ्या सगळ्यांनी. साथीचे डोळे येतात ते व्हायरसनं, हातानं-टॉवेलनं पसरतात, बघितल्यानं नाही. बहुतेकांचे आपोआप जातात. दोन्ही डोळे, चिकट घाण, खाज, पण नजर ठीक. पातं किंवा कुसळ लागलेलं असेल, एकच डोळा, उजेड सहन होईना, नजर धूसर, तर ते डोळे येणं नव्हे. ते बुबुळ आहे. त्याच दिवशी दाखवायचं, उद्या नाही.

देशाचा २०१५ ते १९ चा अंधत्वाचा सर्व्हे आहे, त्यात पन्नाशीच्या आतल्या माणसांत आंधळेपणाचं पहिलं कारण मोतीबिंदू नाही, बुबुळाचे आजार. ३७.५ टक्के. कमावती माणसं ही.

चिकोडी_एक्सप्रेस

मूळ धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही, की गावपातळीवर थांबवता येतं का. येतं, निदान एकदा तरी आलंय.

नेपाळात भक्तपूर. गावातल्याच लोकांना शिकवलं, ओरखडा ओळखायचा कसा. फ्लुरेसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावायची, निळ्या टॉर्चचा उजेड टाकायचा, जिथं सोलवटलंय तिथं हिरवं चमकतं. आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम, दिवसातनं तीनदा, तीन दिवस. बस. ४४२ ओरखड्यांपैकी ४२४ काही न होता भरले. पण खरी मजा वेळेत आहे: अठरा तासांच्या आत मलम लागलेल्या २८४ जणांत एकालाही अल्सर (म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम) नाही. अठरा ते चोवीस तासात आलेल्या १०९ मध्ये चौघांना. आणि एक दिवस उलटून आलेल्या ४९ मध्ये १४ जणांना! मामांचा दुसरा दिवस होता ना, हिरण्यकेशी?

हिरण्यकेशी_काठ

दुसरा दिवस. आणि मलमाच्या ऐवजी ते डेक्सा.

काय बोलू. त्याच मेडिकलात ते मलम पण असणारच की ओ.

बुबुळवाला

असणार. अ‍ॅप्लिकॅप म्हणून मिळतं, काही रुपयात.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर उद्या कोणतरी व्हॉट्सअ‍ॅपवर "हे मलम लावा" फॉरवर्ड करेल. नेपाळातच नंतर मोठा प्रयोग केला, गावगटांची चिठ्ठी टाकून वाटणी, काही गावांत असे स्वयंसेवक, काही गावांत नाहीत. २०२२ ला निकाल आला, दोन्हीकडं अल्सरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. मलम बिनकामाचं असं मी म्हणणार नाही. माझ्या मते ज्याला लागलंय तो स्वयंसेवकापर्यंत आलाच पाहिजे, आणि येणं हीच अवघड गोष्ट आहे. मुकादमाच्या पोरानं वर लिहिलंय तेच.

बेळगावी_कुंदा

आशाताईंच्याकडं जे पत्रक येतं ते कानडीत. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांना कानडी वाचता येत नाही, टोळीवाले तर बीडकडचे, त्यांना ओ की ठो कळत नाही. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना जनआरोग्य योजना लागू केली २०२३ ला तर इकडच्या कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला. मरायचं कुणी मग?

(३ प्रतिसाद काढून टाकले)

चावडी_अ‍ॅडमिन

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे आणि तो आधीच ११०० प्रतिसादांवर गेलाय. इथं डोळ्याबद्दल. पत्रकाच्या भाषेचा मुद्दा योग्य आहे, तो राहू दे.

उपकेंद्र_अक्का

पत्रकाचं खरं आहे पण मी सांगते, पत्रक कुठल्याही भाषेत असो, वाचत कोण नाही. अथणीकडं असताना मला कानडी धड येत नव्हतं. आमच्या कन्नडिगा आशाला मराठी येत नव्हतं. आम्ही दोघी मिळून जायचो, ती एका घरात, मी दुसऱ्या. टोळीच्या कोप्यांवर संध्याकाळी सातला जायचो, भाकऱ्या चालू असताना. तेव्हाच माणूस सापडतो. ड्युटीची वेळ पाचला संपते, ही गोष्ट वेगळी.

खानापुरी_भात

अक्का, आमच्या गावात पण या की कधीतरी. म्हातारीला भेटवतो.

मुकादमाचा_पोरगा

मी वडलांशी बोललो काल. ते म्हणाले मलम-बिलम आपण द्यायला नको, उद्या काय झालं तर अंगावर येईल. पण एक करता येईल म्हणाले, ज्याच्या डोळ्याला लागलं त्यानं त्याच रात्री सांगायचं, आणि सकाळी ऊस खाली करून माघारी येणाऱ्या ट्रॅक्टरवर बसवून त्याला दवाखान्यात सोडायचं, त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. अठरा तासांचं ऐकून म्हणाले हे. नऊ कोयते आहेत आमच्याकडं. पुढच्या हंगामात बघू काय होतंय.

चिठ्ठीत नेमकं काय लिहून द्यायचं डॉक्टरांना? म्हणजे सोबत कोण नसलं तरी कळावं.

बुबुळवाला

तीन ओळी पुरे. कधी लागलं (तारीख, वेळ), काय लागलं (पातं, कुसळ, माती), आणि डोळ्यात आधी काय काय घातलं, तेल-दूध-ड्रॉप सगळं, लाजू नका. बाटली असेल तर बाटलीच द्या सोबत. अर्धं निदान तिथंच होतं.

हिरण्यकेशी_काठ

हे मी मामांच्या गावातल्या दूध डेरीच्या फळ्यावर लिहून घेतो, मराठीत आणि कानडीत दोन्ही. कानडी कुणी तपासून देईल का? माझं बोलण्यापुरतं हाय, लिहिताना घोळ होतो.

मेडिकलवाल्याकडं पण गेलो होतो. भांडायला म्हणून गेलो, पण तो मामांचा शाळेतला वर्गमित्र निघाला. बाटली दाखवली, मामांचा डोळा दाखवला. गप्प बसला बराच वेळ, मग म्हणाला सगळे हाच मागतात रे. आता समोरच्या खणातनं काढून मागं ठेवलाय म्हणतोय. किती दिवस ठेवतोय बघायचं.

मंगळवारी मामांना परत तपासायला बेळगावला नेणार आहे, बुबुळ बदलण्याबद्दल विचारायचंय. संकेश्वरहून सकाळी कुणाची गाडी जात असेल तर सांगा, एसटीत धुळीचा त्रास होतोय त्यांना.

चिकोडी_एक्सप्रेस

मी आहे मंगळवारी. साडेसातला संकेश्वरच्या स्टँडसमोर थांबा, व्यनि (खाजगी निरोप) करतो. कानडीचं पण माझ्या मिसेसकडनं बघून देतो.